शेजारची सीट

"श्वास आत घे. अजून. अगं, आत म्हणजे आत!"

मुंगीनं गाल आत ओढले, डोळे घट्ट मिटले आणि खांदे कानापर्यंत नेले. पोट मात्र होतं तिथंच राहिलं. आईनं गुडघ्यांवर बसून शाळेच्या स्कर्टची दोन्ही टोकं चिमटीत धरली, खालचा ओठ दाताखाली दाबला आणि हूक अडकवला. क्षणभर सगळं जमल्यासारखं वाटलं. मग मुंगीनं श्वास सोडला. हूक टणकन उडाला, भिंतीवर आपटला आणि घरंगळत फ्रिजखाली जाऊन बसला.

खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांनी मान वर न करता निकाल दिला, "हूक कच्चा होता."

"परवाच लावलाय अण्णा, मी स्वतः." घरातली मोठी माणसं आजोबांना अण्णा म्हणत.

"मग दोरा कच्चा असेल."

"दोरा पक्का आहे. स्कर्टला लोंबतोय बघा अजून."

"हल्ली कापडच आटतं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

आई फुटपट्टी घेऊन फ्रिजसमोर पालथी पडली. फुटपट्टीनं आधी एक रबरबँड बाहेर काढला, मग पेनाचं टोपण, मग चॉकलेटचा एक सोनेरी कागद. कागद कसातरी चुरगळलेला नव्हता. त्याची छान चौकोनी घडी घातलेली होती, लपवायच्या वस्तूची घालतात तशी. आईनं तो दोन बोटांत धरून वर केला आणि एकेकाकडे पाहिलं. मुंगी छताकडे बघू लागली. आजोबांचं वर्तमानपत्र चेहऱ्यावर थोडं वर सरकलं. न्हाणीघरात बाबांची दाढी चालू होती; तिथं नळाचा आवाज एकदम मोठा झाला.

"छान," आई म्हणाली. "फारच छान."

हूक सापडला नाही. शेवटी सेफ्टी पिन लावून, वरून शर्ट बाहेर काढून मुंगीला शाळेसाठी तयार केलं.

"शर्ट बाहेर असला की बाई ओरडतात."

"आज ओरडू देत."

दारात बूट घालताना मुंगी वाकली, धापा टाकत पुन्हा सरळ झाली. मग हळूच म्हणाली, "आई, शनिवारी डॉक्टरीणबाई परत रक्त काढणार?"

"काढतील. का गं?"

"काही नाही. असंच."

तिचा जिना उतरण्याचा आवाज आई ऐकत राहिली. प्रत्येक पायरीवर एक थांबा. नऊ वर्षांच्या मुलीचे गुडघे दुखतात ही गोष्ट आईला अजून पचलेली नव्हती.

मुंगी हे नाव आजोबांनीच ठेवलेलं. ती दिवस भरायच्या आधीच जन्मली होती, आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत तिला पाहून ते म्हणाले होते, "ही तर मुंगी आहे मुंगी." त्या दिवसांत तिच्या पोटात दुधाचा एक थेंब टिकला की नर्ससकट सगळे हसायचे. घरी आणल्यावरही तेच. वाटी रिकामी झाली की टाळ्या, घास गिळला की पापा. वर्षं सरली, मुंगीची बाळसेदार मुलगी झाली आणि मग नुसतं बाळसं म्हणण्यासारखं काही राहिलं नाही. पण रिकामी वाटी दिसली की घरच्यांच्या तोंडावर उजेड पडायचा, तो अजून तसाच पडत होता. शाळेतली मुलं आता म्हणत, "ही मुंगी, तर मग हत्ती कुणाला म्हणायचं?"

डॉक्टरीणबाईंनी मागच्या वेळी तपासणीचा कागद वाचून चष्मा काढून ठेवला होता. त्यांचं बोलणं आईला शब्दाशब्दानं पाठ होतं. "औषध द्यायची वेळ अजून आलेली नाही, पण ती दाराबाहेर उभी आहे. घरानं मिळून करा. खेळू दे, चालू दे, सगळे तेच खा. तिला एकटीला शिक्षा केल्यासारखं होऊ देऊ नका. आणि पुढच्या वेळी रक्तातल्या साखरेत फरक दिसला नाही, तर मला पुढचं पाऊल टाकावं लागेल."

त्या दिवसापासून आईनं घर ताब्यात घेतलं होतं. पांढरा ब्रेड बंद, सरबताच्या बाटल्या बंद, संध्याकाळी बागेला दोन फेऱ्या, रात्री पालक-गाजराचं सूप आणि उकडलेल्या भाज्या. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मुंगीनं तर एका शब्दानंही कुरकुर केली नव्हती. सूप ती वाटी चाटूनपुसून संपवायची, वर आणखी मागायची. आणि तरीही स्कर्टचे हूक उडत होते. याचा अर्थ काय, हे कळायला काही फार शिकावं लागत नाही. घरात कुणीतरी फितूर होतं.

*

आई मोटार शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या, म्हणजे तिच्या सीटसमोरही एक ब्रेक होता, आणि दिवसभर तिचा उजवा पाय त्या ब्रेकवर अधांतरी असायचा. दाबायचा नाही, पण हलवायचाही नाही. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. शिकणाऱ्याच्या चुका बघत शांत बसणं हीच या धंद्यातली खरी मेहनत, असं ती म्हणे. घरी सोफ्यावर बसून सिनेमा बघतानाही कुणाची गाडी वेगात आली की तिचा पाय जमिनीवर दाबला जायचा आणि मुंगी खदखदून हसायची.

त्या दिवशी दुपारी गाडी चष्मेवाल्या काकांच्या हातात होती. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, वय साठीच्या पुढचं, स्वभाव लोण्यासारखा. दोष एकच. प्रत्येक वळणावर ते रस्ता सोडून आईच्या तोंडाकडे बघत.

"काका, समोर."

"हो मॅडम."

"समोर म्हणजे काचेतून. माझ्या कपाळावर काय सिग्नल लावलाय?"

"तसं नाही हो मॅडम. तुमचा चेहरा बघितला की कळतं, बरोबर चाललंय की चुकतंय."

"तेच तर चुकतंय! लायसन्स मिळाल्यावर माझा चेहरा काय आरशाला लटकवणार आहात?"

काका लाजले आणि लाजताना त्यांनी पुन्हा तिच्याकडे बघून घेतलं. आईनं कपाळाला हात लावला. दुसऱ्यांच्या चष्म्याचे नंबर काढणारा माणूस, आणि स्वतः बघायचं कुठं ते कळत नाही.

शाळेजवळच्या चौकात सिग्नल लाल झाला. शाळा नुकतीच सुटली होती. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, आरडाओरडा. पलीकडच्या फुटपाथवर बेकरी होती, तिच्यासमोर एक लाकडी बाक, आणि बाकावर तिरके, अर्धे पाठमोरे का होईना, पण ओळखू येतील असे दोघं बसले होते. एकाच्या डोक्यावर आजोबांची खलाशी टोपी होती. दुसरीचा शर्ट बाहेर काढलेला होता.

आजोबांनी कागदी पिशवीतून लोण्याचा बन काढला. दोन तुकडे केले. मोठा कुठला हे नीट पारखून तो मुंगीच्या हातात दिला. मुंगीनं घास घेतला आणि चावता चावता मान वळवून आजोबांकडे पाहिलं. बनकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. आजोबांचा सगळा चेहरा हसत होता.

आईचा पाय कधी खाली गेला ते तिलाच कळलं नाही. सिग्नल हिरवा होऊन काकांनी नुकतीच गाडी उचलली होती. ती जागच्या जागी गचका खाऊन बंद पडली. मागून भोंग्यांचा गोंगाट सुरू झाला.

"माझं काय चुकलं मॅडम?" काका घाबरून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तुमचं काही नाही चुकलं," आई दात आवळून म्हणाली. "चला. समोर बघा."

*

संध्याकाळी टेबलावर ताटं मांडून होईपर्यंत ती काही बोलली नाही. नेहमीप्रमाणे शेगडीपाशी उभी राहून तिनं मुंगीच्या वाटीत सूप ओतलं. तिची स्वतःची खुर्ची मुंगीच्या बरोबर समोर होती. तिथून मुंगीचं ताट काठापासून काठापर्यंत दिसायचं.

"अण्णा, आज येताना कुठं बसला होतात?"

आजोबांनी कानामागे हात नेला. त्यांना ऐकू कमी यायचं, पण सोयीनं.

"बेकरीसमोर," मुंगीनंच सांगून टाकलं.

"पाय दुखतात माझे," आजोबा म्हणाले. "बसावं लागतं."

"बसायला माझी ना नाही. बसून काय केलंत?"

"काय करणार? एक बन. एकच! त्यातला अर्धा माझा."

"लोण्याचा."

"मग, कोरडा बन कोण खातं?"

"मी म्हणत होतो ना," बाबा ताटावरून म्हणाले. ते छापखान्यात कामाला होते आणि नखांतली शाई घासत घासतच जेवायला बसायचे. "तू उगाच माझ्यावर संशय घेत होतीस. अण्णांना कितीदा सांगितलंय, तिला बाहेरचं..."

"तुम्ही तर बोलूच नका." आईनं सोनेरी कागदाची घडी टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. "हे कुणाचं? फ्रिजखाली गेलं कसं?"

बाबांनी घडीकडे असं पाहिलं, जणू ती परदेशातून आली होती. "अगं, एवढंसं असतं ते. अंगठ्याएवढं."

"रोज?"

"रोज कुठं! रविवारी नाही."

"रविवारी छापखाना बंद असतो म्हणून!"

"अरे वा," आजोबांना एकदम स्पष्ट ऐकू येऊ लागलं. "म्हणजे माझ्या अर्ध्या बनची उलटतपासणी, आणि हा पोरवयापासून खिशात गोळ्या घेऊन फिरतो त्याचं काही नाही!"

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आत आल्या. हातात सकाळी नेलेली गाळणी होती. त्या एकट्याच राहायच्या. आईचा शेवटचा विद्यार्थी आणि बाबांचा छापखाना सुटेपर्यंत, आजोबा वामकुक्षी घेत असताना, मुंगी त्यांच्याकडे टीव्ही बघायला जायची. काकूंनी टेबलावरची तोंडं पाहिली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता सगळे? मी मूठभर वेफर्स देते फक्त."

आईनं पळी भांड्यात ठेवली.

"तुम्हीसुद्धा, काकू?"

"मला काय माहीत हे दोघंही देतात? मला वाटलं, तुम्ही पोरीला पालापाचोळा घालता, तिच्या पोटात माझ्याकडचंच काय ते जातं."

"मलाही तेच वाटलं," बाबा हळूच म्हणाले.

"मला तर वाटलंच," आजोबा म्हणाले. "बोटीवर असतो तर..."

आजोबांनी जन्मभर मालवाहू बोटीवर आचाऱ्याचं काम केलं होतं. बोट वादळात सापडली काय आणि घरात वाद झाला काय, त्यांच्याकडे उपाय एकच होता: आधी चार घास खाऊन घ्या.

"बोटीवर नाही आहात तुम्ही अण्णा!" आईचा आवाज चढला. "ही माझी मुलगी आहे, तुमचा खलाशी नाही. शनिवारी तिचं रक्त तपासणार आहेत. मी घसा कोरडा करून सांगते, बागेत तिच्याबरोबर फिरते, रोज इथं उभी राहून शिजवते, आणि तुम्ही तिघं पाठीमागं... माझं काय, तुम्ही माझ्या तोंडाला पानं पुसा. पण तिचे गुडघे बघा. जिना चढताना ती कशी थांबते, ते ऐकता का कधी?"

मग सगळे एकदमच बोलू लागले. बाबा आजोबांना, आजोबा काकूंना, काकू गाळणी हलवत सगळ्यांना. अंगठ्याएवढं, मूठभर, अर्धाच. प्रत्येकाचं माप आपापल्या परीनं क्षुल्लक होतं.

या गदारोळात चमचा वाटीवर घासल्याचा आवाज आला. मुंगीनं सूप संपवलं होतं. तिनं वाटी तिरकी करून तळातलंही घेतलं आणि वाटी आईपुढे धरली.

"आई, अजून दे ना थोडं."

आईनं वाटी भरली. भरता भरता तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. एवढ्या सगळ्यात एवढं तरी बरं. ती खुर्ची ओढून बसली.

"मुंगे," ती आता जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुला तोंड आहे ना? नको म्हणता येत नाही का गं या लोकांना?"

"म्हटलं होतं."

"कुणाला?"

"काकूंना. एकदा. मग त्यांनी वेफर्स परत डब्यात भरले आणि टीव्ही बंद केला."

"अगं, तो तर माझं डोकं दुखत होतं म्हणून..." काकू म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या.

"आणि आजोबांना नको म्हटलं ना, तर ते स्वतःपण खात नाहीत. कागदात गुंडाळून खिशात ठेवतात. मग घरापर्यंत गप्प." मुंगी तक्रार करत नव्हती. रस्त्यात कुठं खड्डे आहेत ते सांगावं, तसं सांगत होती. "बाबा दारात येतात तेव्हा दमलेले असतात. मग ते खिशात हात घालतात आणि म्हणतात, ओळख बघू. तेव्हा हसतात."

बाबा नखांतली शाई बघत बसले.

"ऐकलंत?" आई म्हणाली. तिला राग यायला हवा होता तेवढा आनंदच झाला होता, खटला जिंकल्यासारखा. "पोर तुमच्यासाठी खाते. भुकेसाठी ती खाते ते फक्त हे." तिनं सुपाच्या वाटीकडे बोट दाखवलं. "हो ना गं? हे तर तू आपणहून मागतेस."

मुंगीनं वाटीत चमचा फिरवला.

"आवडतं ना तुला?"

चमचा फिरत राहिला. गाजराचा एक तुकडा वर आला, बुडाला, परत वर आला.

"पहिली वाटी संपेपर्यंत तू तिथं उभी असतेस," मुंगी शेवटी म्हणाली. तिनं शेगडीकडे पाहिलं. "माझ्याकडे बघत. दुसरी मागितली की मग तू बसतेस."

आजोबांनीसुद्धा ऐकू न आल्याचं नाटक केलं नाही. आई टेबलापाशी बसलेली होती, आणि आपण आत्ता, याच क्षणी का बसलेलो आहोत हे तिला कळत होतं. उठावं तरी पंचाईत आणि बसून राहावं तरी पंचाईत.

"मग तुला भूक कधी लागते?" तिनं विचारलं.

न शिकवलेल्या धड्यावरचा प्रश्न यावा तशी मुंगी विचारात पडली. प्रामाणिकपणे पडली, तिनं भुवया वर केल्या, पोटावर हात ठेवून पाहिला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "लागायच्या आधीच काहीतरी असतं."

काकू हलक्या पावलांनी निघून गेल्या. जी गाळणी परत द्यायला आल्या होत्या, ती तशीच हातात घेऊन गेल्या. आजोबा म्हणाले, "पण मग मी देऊ काय तिला?" त्या आवाजात भांडण उरलं नव्हतं.

"गोष्ट," मुंगी म्हणाली. "बन आला की तुम्ही गोष्ट मध्येच थांबवता. परत सुरू करता तेव्हा बोट भलत्याच बंदरात असते."

*

शुक्रवारी चष्मेवाल्या काकांनी पहिल्याच वळणाला सवयीनं मान वळवली, तर त्यांना आईचा चेहरा दिसलाच नाही. ती तिच्या बाजूच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होती.

"मॅडम! तुम्ही बाहेर बघताय!"

"हो."

"आणि मी ठोकली तर?"

"तर मला आवाज येईल."

काका देवाचं नाव घेत पुढे वळले. वळण थोडं मोठं झालं, एक चाक फुटपाथच्या फारच जवळून गेलं. आईचा पाय ब्रेकवर टेकला, पण खाली गेला नाही. पुढचं वळण त्याहून बरं झालं. चौथ्या वळणानंतर काका बोलायचंही विसरले. ते रस्ता बघत होते.

घरी आली तर घर रिकामं होतं. आईच्या मनात सगळ्यात आधी बेकरीचा बाक आला. तिनं चप्पल पुन्हा पायात सरकवली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर थांबली. मग खिडकीशी येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं कोपऱ्यावर खलाशी टोपी दिसली. दोघं तळ्याकडच्या लांबच्या रस्त्यानं येत होते. आजोबांचे दोन्ही हात हवेत होते, वादळ बहुधा ऐन रंगात आलं होतं, आणि मुंगी त्यांच्या पुढे उलटी चालत, तोंड त्यांच्याकडे करून, धापा टाकत म्हणत होती, "मग? मग सुकाणूचं काय झालं?" जिना ती तीनदा थांबून चढली. प्रत्येक थांब्यावर आजोबाही थांबले, पण गोष्ट थांबली नाही.

बाबा दारात आले. त्यांनी सवयीनं खिशात हात घातला, तो तसाच बाहेर काढला आणि रिकाम्या हाताचं करायचं काय हे न सुचून तो मुंगीच्या डोक्यावर ठेवला.

"ओळख बघू," मुंगी म्हणाली.

"काय?"

"काही नाही आणलंत."

"बरोबर," बाबा म्हणाले आणि हसू आलं म्हणून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

भाज्या चिरायला मुंगी मदतीला आली होती. पालक नको म्हणाली, मका घाल म्हणाली, गाजरं उकडू नको, कच्चीच दे म्हणाली. आईनं प्रत्येक वेळी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. यापेक्षा भर रहदारीत गाडी शिकवणं सोपं, असं तिला वाटलं. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं होतं. एका रात्रीत रक्तात काय फरक पडणार, हे तिला कळत होतं. तरी ताट वाढताना हात जड झाला होता. जास्त वाढू की कमी? शेवटी तिनं भांडंच टेबलावर ठेवलं आणि पळी मुंगीच्या हातात दिली.

सगळे बसले. आईनं आपली समोरची खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि मुंगीच्या शेजारी लावली. आजोबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले.

"इथं का बसलीस?" मुंगीनं विचारलं.

"असंच. तिकडे ऊन येतं."

बाहेर तर संध्याकाळ उतरून गेली होती.

मुंगी जेवत होती. गाजर कुरकुर वाजत होतं. अर्धंअधिक ताट झालं आणि तिचा चमचा सावकाश झाला, मग थांबला. आजोबांनी घसा खाकरला. "चार घा..." एवढं त्यांच्या तोंडून निसटलं आणि पुढचे शब्द त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

आईला शेजारून मुंगीची नजर गालावर जाणवली. मुंगीच्या लहानपणापासून जाणवत आलेली, रोजची नजर. आज पहिल्यांदा आईला त्या नजरेचं वजन कळलं.

"आई."

"हं."

"थांबू?"

आईनं चेहरा खिडकीकडे वळवला. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदे ओढत होतं. तिला म्हणायचं होतं, थांब. तिला म्हणायचं होतं, तेवढं गाजर संपव. उद्याचं दवाखान्यातलं टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं, डॉक्टरीणबाईंनी काढून ठेवलेला चष्मा आला, आणि काचेच्या पेटीतली ती हाताच्या पंज्याएवढी मुंगीही आली.

"माझ्याकडे नको बघू, राणी," ती म्हणाली. "मी नुसती शेजारी बसलेय."

टेबलाखाली तिचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता.

चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला. ठेवल्याचा की पुन्हा भरून घेतल्याचा, ते बघायला आईनं मान वळवली नाही.